सोलापूर अकराव्या क्रमांकावर

आमच्या वाचनालयाच्या ज्ञानस्पर्धेत एक प्रश्न कायम असतो: महाराष्ट्रातली सर्वाधिक लोकसंख्येची दहा शहरं उतरत्या क्रमाने लिहा. हा प्रश्न काढून टाका, असं मी समितीच्या बैठकीत वर्षानुवर्षं सांगत आले. आता तो ठेवावा, शक्य तर त्याचे गुण वाढवावेत, असं माझं मत झालं आहे. माझ्या जुन्या म्हणण्याला ज्यांनी मनापासून पाठिंबा दिला, त्यांना हे बदललेलं मत कारणांसकट कळलं पाहिजे, म्हणून हे लिहिते आहे.

जुना आक्षेप मला आजही हलका वाटत नाही. मी शाळेत भूगोल शिकवला. तिसरीच्या मुलांना आपला जिल्हा शिकवताना आकड्यांपासून सुरुवात केली की मुलं जांभया देतात, हे मी पाहिलेलं आहे. सोलापूर समजून घ्यायचं तर गड्ड्याची जत्रा, सिद्धेश्वरांचे नंदीध्वज, पूर्व भागात घरोघरी बोलली जाणारी तेलुगू, १८७७ ची जुनी गिरणी आणि तिच्या मागून आलेल्या गिरण्या, त्यांचा भोंगा, चादरी, टॉवेल हे सगळं आलं. १९३० चा मार्शल लॉ आला. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा आले. हे ज्याला ठाऊक आहे त्याला सोलापूर ठाऊक आहे, मग ‘९,५१,५५८’ हा आकडा त्याला येवो न येवो. गाव माणसाच्या अंगवळणी पडलेलं असतं आणि आकडा परीक्षेपुरता पाठ होतो, असं मी म्हणत असे.

शिवाय त्या यादीत सोलापूर नाही. १९६१ च्या जनगणनेत मुंबई, पुणे, नागपूर यांच्या मागोमाग आमचंच शहर होतं. २००१ मध्ये ते नवव्या जागी होतं, तेव्हाच्या औरंगाबादच्या जवळजवळ बरोबरीने. दोन्ही शहरं पावणेनऊ लाखांच्या आसपास. २०११ मध्ये औरंगाबाद पावणेबारा लाखांवर गेलं आणि आम्ही साडेनऊ लाखांवर राहिलो, अकराव्या क्रमांकावर. निकालानंतर उत्तरं फळ्यावर लिहिली की एखादा मुलगा हमखास विचारायचा, “बाई, सोलापूर कसं काय नाही ओ?” त्याला समाधानकारक उत्तर माझ्याकडे नसे.

माझं मत बदलायला सुरुवात झाली ती मोठ्यांच्या गटाच्या उत्तरपत्रिका तपासताना. आमच्याकडे पालकही स्पर्धेला बसतात. त्यांच्या याद्यांमध्ये मुंबई, पुणे, नागपूर ठरलेल्या जागी. त्यांच्या खाली बहुतेकांचं सोलापूर, मग कोल्हापूर, नाशिक, औरंगाबाद, सांगली, अमरावती, कुठे लातूर, कुठे नगर. ठाणे क्वचित, तेही शेवटी. पिंपरी-चिंचवड नाही, कल्याण-डोंबिवली नाही, नवी मुंबई नाही. वसई-विरार तर कुणाच्याच डोक्यात नाही. आणि २०११ चा खरा क्रम असा: मुंबई, पुणे, नागपूर, ठाणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक, कल्याण-डोंबिवली, वसई-विरार, औरंगाबाद, नवी मुंबई. वसई-विरारची लोकसंख्या १२,२२,३९०. कोल्हापूर आणि सांगली-मिरज-कुपवाड यांची बेरीज केली तरी साडेदहा लाखच होते. दहाच्या पुढेही तेच. सोलापूरनंतर मिरा-भाईंदर येतं, मग भिवंडी, आणि त्यानंतर अमरावती.

ज्या शहराला स्वतःची चव, बोली, देऊळ, तालीम, राजघराणं आहे ते लोकांना आठवतं. ज्या शहराला आपण गोष्ट जोडलेली नाही ते कितीही वाढलं तरी आठवत नाही. इथपर्यंत ते मला स्वाभाविक वाटलं आणि माझा जुना आक्षेप टिकून होता. पण त्याच दुपारी एक पालक उत्तरपत्रिका देऊन घाईने निघाले होते. त्यांना कुरियरचं दुकान बंद व्हायच्या आत गाठायचं होतं. हातातल्या खोक्यात मुलीसाठी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. मुलगी कुठे असते, विचारलं. “मुंबईला.” खोक्यावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात, स्केच पेननं, नीट पत्ता लिहिला होता: नालासोपारा पूर्व, ता. वसई, जि. पालघर. हा पत्ता ते अनेकदा लिहीत आले असणार, कारण पिनकोडसुद्धा त्यांना तोंडपाठ होता. त्यांच्या यादीत मात्र वसई-विरार नव्हतं. त्यांचे दोन भाऊ भोसरीत असतात, ते त्यांच्या बोलण्यात ‘पुण्याला’ असतात. यादीत पिंपरी-चिंचवडही नव्हतं.

ते घाईत होते, त्यांना मी काही बोलले नाही. घरी आल्यावर मात्र माझ्या स्वतःच्या नात्यागोत्यात कोण कुठे आहे ते आठवत बसले. चिंचवड, थेरगाव, वाकड, डोंबिवली, घणसोली. आमच्या पेठेतल्या कुणालाही विचारा, हेच ऐकू येईल. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, मुलं सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याकडे निघाली आणि तिकडेच राहिली. २००१ ते २०११ या दहा वर्षांत पिंपरी-चिंचवड दहा लाखांवरून सव्वासतरा लाखांवर गेलं. त्यात कितीतरी आमची माणसं आहेत. “सोलापूर कसं काय नाही ओ?” या प्रश्नाचं उत्तर त्या यादीतच पाचव्या क्रमांकावर लिहिलेलं होतं. म्हणजे ती यादी आमच्याबद्दलच काही सांगत होती आणि मी तिला पाठांतर म्हणत होते.

दुसरं कारण पाण्याचं आहे, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सोलापूरला उजनीचं पाणी येतं. नळाला ते किती दिवसांआड येतं याची चर्चा आमच्याकडे रोजची आहे. प्रत्येक बाईला आपल्या गल्लीचा पाण्याचा दिवस माहीत असतो. ते उजनीत येतं कुठून, हा प्रश्न मात्र आम्ही सहसा विचारत नाही. पवना नदी पिंपरी-चिंचवडमधून वाहते, दापोडीजवळ मुळेला मिळते; पुढे मुळा-मुठा एक होतात आणि पुणं ओलांडून भीमेत जातात. इंद्रायणी पिंपरी-चिंचवडच्या उत्तर कडेने येते आणि तुळापूरला भीमेला मिळते. ती भीमा उजनीत येते. दोन्ही शहरांतलं सांडपाणी, शुद्ध केलेलं आणि न केलेलं, याच वाटेने खाली येतं. वरच्या शहरात सतरा लाख माणसं राहतात हे आम्हाला माहीत नसेल, तर आमच्या हंड्यातल्या पाण्याबद्दलही आम्हाला अर्धंच माहीत आहे. मी आजवर स्थानिक ज्ञान म्हणजे वेशीच्या आतलं ज्ञान असं धरून चालले होते. नदी ती वेस मानत नाही.

पाण्याची हीच गोष्ट वरच्या अंगालाही आहे. पिंपरी-चिंचवडला पाणी देतं ते मावळातलं पवना धरण. तिथून बंद जलवाहिनी टाकण्याला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला, आणि ९ ऑगस्ट २०११ ला आंदोलकांवर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा जीव गेला. जनगणनेचं वर्षही तेच. सतरा लाखांचा आकडा वाचताना ती जलवाहिनी माझ्या डोळ्यांपुढे येते. वसई-विरारला सूर्या नदीवरच्या धामणी धरणाचं पाणी जातं, पालघरच्या डोंगराळ भागातून. प्रत्येक मोठ्या शहराच्या मागे असं एखादं खोरं असतं आणि त्या खोऱ्यातली माणसं असतात. शहरं लोकसंख्येच्या क्रमाने लावली की तहानेच्या क्रमानेही लावल्यासारखी दिसायला लागतात.

या शहरांना गोष्ट नाही, हे माझं गृहीतकही अभ्यासाला बसल्यावर टिकलं नाही. नालासोपाऱ्यातला सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक, पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तिथला बौद्ध स्तूप खणून काढला, आणि अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे तिथे सापडले आहेत. सोपाऱ्याची वस्ती आपल्या अभिमानाच्या बऱ्याच शहरांहून जुनी आहे. वसईचा किल्ला चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये जिंकला, हे आपण इतिहासात शिकतो, आणि वसई हे आज बारा लाखांच्या शहराचं अंग आहे हे भूगोलात शिकत नाही. चिंचवड मोरया गोसावींचं आणि चाफेकर बंधूंचं. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, देशातला पेनिसिलिनचा पहिला सरकारी कारखाना. उल्हासनगर तर फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी कल्याणच्या लष्करी छावणीत वसवलं. त्याची लोकसंख्या पाच लाखांवर आहे. आणि गुढीपाडव्याला आज आपल्या सोलापुरातसुद्धा जी स्वागतयात्रा निघते, ती प्रथा डोंबिवलीतून महाराष्ट्रभर गेली. डोंबिवलीकरांनी आपल्याला सण साजरा करायची एक रीत दिली. ते शहर यादीत लिहायला आपला हात का अडतो?

समितीतले जुने सहकारी सर माझ्या जुन्या बाजूलाच राहिले आहेत. ते म्हणाले, “बाई, क्रमांक म्हणजे शेवटी हद्दीचा खेळ. हद्द हलवली की क्रमांक हलतो.” हे म्हणणं खरं आहे, आणि त्यावर मी पुष्कळ विचार केला. कल्याण-डोंबिवलीतून २००२ मध्ये २७ गावं वगळली, २०१५ मध्ये ती परत घेतली; २०११ च्या मोजणीत ती बाहेर होती. वसई-विरार महापालिका २००९ मध्ये झाली, चार नगरपालिका आणि आजूबाजूची गावं एकत्र करून. त्याआधीच्या यादीत ते शहरच नव्हतं, माणसं मात्र होती. पुण्यात २०१७ ला ११ आणि २०२१ ला आणखी २३ गावं घेतली. जनगणना नागरी समूह म्हणून वेगळीही मोजणी करते. त्या हिशोबात मुंबईचा समूह १ कोटी ८४ लाखांचा होतो. ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मिरा-भाईंदर, उल्हासनगर सगळी त्याच्या पोटात जातात. खाडीपलीकडचं वसई-विरार वेगळं राहतं. त्या यादीत पुणे दुसरं येतं, पिंपरी-चिंचवड त्याच्या पोटात जातं, आणि सोलापूर वर सरकतं.

पण सरांच्या या आक्षेपातून प्रश्न काढून टाकावा असं मला वाटत नाही. उलट तो पुरा विचारावा. कोणत्या वर्षाची जनगणना, महापालिकेची हद्द की नागरी समूह, हे प्रश्नातच लिहावं. मग मुलांना कळेल की मोजणीला नियम असतो, नियम बदलला की नकाशा बदलतो, आणि कुणाची हद्द कुठे आखायची हे मंत्रालयात ठरतं. २०२१ ची जनगणना लांबली, त्यामुळे आपण अजून २०११ चेच आकडे वापरतो आहोत, हेही मुलांना स्पष्ट सांगावं. इतकी वर्षं जुन्या आकड्यांवर पाण्याच्या आणि दवाखान्यांच्या योजना आखल्या जात असतील, तर नव्याने वसलेल्या उपनगरांचं त्यात काय होत असेल, हा प्रश्न आठवीतला मुलगाही विचारू शकतो. त्याने तो विचारावा, असं मला मनापासून वाटतं.

जिल्ह्याचं मुख्यालय म्हणजे मोठं शहर, हाही समज या निमित्ताने तपासता येईल. रायगडचं मुख्यालय अलिबाग, २०११ मध्ये वीस हजारांचं. त्याच जिल्ह्यातलं पनवेल तेव्हाच १ लाख ८० हजारांवर होतं. मालेगाव जिल्ह्याचं ठिकाण नाही, तरी अकोला, लातूर, धुळे या तिन्ही मुख्यालयांपेक्षा मोठं आहे. भिवंडी सात लाखांचं, यंत्रमागांचं शहर, आणि आमच्या यंत्रमागवाल्या सोलापुरातल्या मुलांना त्याचं नावही यादीत सुचत नाही. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली.

यंदाच्या प्रश्नपत्रिकेसाठी मी दोन जोडप्रश्न सुचवले आहेत. पहिला: तुमच्या घरातलं किंवा नात्यातलं माणूस ज्या दुसऱ्या शहरात राहतं, त्याचा पूर्ण पत्ता लिहा आणि तो पत्ता कोणत्या महापालिकेच्या हद्दीत येतो ते सांगा. दुसरा: त्या शहराला पाणी कोणत्या धरणातून येतं आणि वापरलेलं पाणी कोणत्या नदीत किंवा खाडीत जातं? मुलांनी फोन करून विचारावं, पालकांनी मदत करावी, उत्तर घरून लिहून आणलं तरी चालेल. पहिल्या प्रश्नाला समितीने मान्यता दिली. दुसरा तपासायचा कसा, एवढी सगळी उत्तरं पडताळणार कोण, यावर अडलं. तपासायचं काम मी घेते, असं मी सांगितलं आहे. एक मुद्दा तेवढा उरला आहे. ‘पुणे’ लिहून पुढे ‘पिंपरी-चिंचवडसह’ असं लिहिणाऱ्याला अर्धा गुण द्यावा, असं सरांचं म्हणणं. मी तो देणार नाही. त्या शहराची महापालिका वेगळी आहे, धरण वेगळं आहे, आणि तिथे सतरा लाख माणसं राहतात.