उतरवलेली तलवार

28 मार्च 1876 रोजी टोकियोच्या नव्या सरकारने एक छोटासा हुकूम काढला. सैनिक-पोलिसांचा गणवेश आणि दरबारी समारंभाचा पोशाख वगळता यापुढे कोणी कमरेला तलवार लावून फिरायचं नाही. पाच वर्षं आधी, 1871 मध्ये, शेंडी कापायला आणि तलवार घरी ठेवायला मुभा मिळाली होती. आता मुभा संपली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पिढ्यानपिढ्या चालत आलेला तनखाही बंद झाला आणि हातात सरकारी रोख्यांचे कागद आले. सामुराई मेले ते असे, सरकारी कागदावर.

हे नवं सरकार उभारणारे ओकुबो तोशिमिची, किदो ताकायोशी हे कोणी परके विजेते नव्हते. दोघेही सामुराई, कमरेला दोन तलवारी बांधून वाढलेले. देश टिकवायचा तर लष्करात शेतकऱ्याचा मुलगाही लागेल, आणि तांदळावर पोसलेला वंशपरंपरागत वर्ग परवडणार नाही, हे त्यांनी ओळखलं आणि आपल्याच जातकुळीच्या मुळावर घाव घातला. सामुराईंबद्दल मला जो आदर वाटतो, त्याची सुरुवात इथून होते.

सामुराई हा शब्दच मुळी सेवेत हजर राहण्याच्या क्रियापदातून आलेला. आपण तलवार उपसण्याच्या गोष्टी ऐकतो, पण त्यांची रीत जवळून पाहिली की ध्यानात येतं, त्यांचा खरा रियाज तलवार आवरण्याचा होता. कोणाच्या घरी गेलं की लांब तलवार, कताना, कमरेवरून काढायची. आखूड तेवढी कमरेला राहायची. बसताना कताना उजव्या हाताला ठेवायची, कारण उजवीकडे पडलेली तलवार उजव्या हाताने झटकन उपसता येत नाही. तीच डावीकडे ठेवली तर यजमानाने समजून घ्यायचं. उजवीकडे ठेवलेल्या तलवारीने माणूस एक शब्द न बोलता सांगत असे, की तुमच्या घरात माझा जीव तुमच्या हवाली आहे. वाटेत दुसऱ्याच्या म्यानाला आपलं म्यान लागलं, तर तो अपमान. म्हणून गर्दीतून जाताना सुद्धा अंग चोरून, भान ठेवून चालायचं. हातभर पोलाद कमरेला असलेल्या माणसाने सतत असं जपून वागायचं, ही शिस्त किती मोठी!

आणि हे सगळं घडलं ते शांततेत. 1615 मध्ये ओसाकाचा किल्ला पडला आणि त्यानंतर दोन शतकांहून अधिक काळ जपानात म्हणण्यासारखं मोठं युद्ध जवळजवळ झालंच नाही. लढवय्ये कारकून झाले. धान्याचे हिशेब, पुलांची डागडुजी, पहारे, दप्तरं. तनखा मोजायचा तो 'कोकु'त. एक कोकु म्हणजे एका माणसाच्या वर्षभराच्या पोटाचा तांदूळ, साधारण दीडशे किलो. आपण खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतो, त्यांना खाल्ल्या भाताला जागायचं होतं. पण भाव वाढत गेले आणि तांदूळ तेवढाच राहिला. एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, खालच्या दर्जाचे सामुराई घरात बसून कागदी छत्र्या चिकटवायचे. ओकुबो भागातले बंदूकधारी पहारेकरी अझेलियाची रोपं वाढवून विकायचे. जपानीत म्हण आहे, सामुराई जेवला नसला तरी दात कोरतो. घरात चूल पेटली नाही हे चारचौघांत दिसू द्यायचं नाही. यात ताठा आहे, हे खरं. पण आपलं दुःख गावाला वाटत फिरायचं नाही, ही अदबही आहे. ज्या घरात असं दारिद्र्य झाकून मुलांना वाढवलेलं असतं, तिथे हे वेगळं समजवावं लागत नाही.

मृत्यूची एवढी चर्चा ज्या 'हागाकुरे' ग्रंथात आहे, तो सांगणारा यामामोतो त्सुनेतोमो आयुष्यात कधी रणांगणावर गेला नव्हता. मालकामागे मरायचंही त्याला जमलं नाही, कारण त्या प्रथेवर बंदी आली होती. तो मठात गेला आणि बोलत राहिला, दुसरा लिहून घेत राहिला. लढाई हरवलेल्या माणसाने मनातल्या मनात रोज लढाईची तयारी करायची, ही त्याची तडफड पानापानांत जाणवते.

तलवार उपसलीच, तर तिचा हिशेब द्यावा लागे. 1701 मध्ये एदोच्या किल्ल्यात आसानो नागानोरी या सरदाराने किरा या दरबारी अधिकाऱ्यावर शस्त्र चालवलं. किल्ल्यात शस्त्र उपसणं गुन्हा. त्याच दिवशी त्याला पोट चिरून घेण्याची शिक्षा झाली. त्याचे 47 निष्ठावंत पावणेदोन वर्षं थांबले आणि बर्फाच्या रात्री त्यांनी किराचं डोकं उतरवून मालकाच्या समाधीपुढे ठेवलं. गोष्ट सगळ्यांना एवढीच ठाऊक असते. मला त्यापुढचा पेच मोठा वाटतो. हे पळून गेले नाहीत, शिक्षेची वाट पाहत बसले. राज्यकर्त्यांपुढे प्रश्न होता, निष्ठा हा गुण आणि सूड हा गुन्हा, तर करायचं काय? ओग्यू सोराई या विद्वानाने सल्ला दिला की कायदा मोडला आहे तेव्हा मरण अटळ, पण चोरासारखं नको, सामुराईसारखं द्या. 1703 मध्ये 46 जणांनी पोटं चिरून घेतली. तेरासाका नावाचा एक पायदळ शिपाई तेवढा वाचला. टोकियोतल्या सेन्गाकुजी देवळात त्यांच्या समाध्यांपुढे आजही उदबत्त्या जळतात.

या वर्गाचं सगळंच वंदनीय होतं, असं मी म्हणणार नाही. त्यांचा तांदूळ पिकवणाऱ्या शेतकऱ्याला त्यांच्यापुढे मान वर करता येत नव्हती. आणि वर्ग गेल्यावर त्याच्या नावाचं जे झालं ते त्याहून दुःखद. मोरिओकाच्या सामुराई घरात 1862 मध्ये जन्मलेल्या नितोबे इनाझो यांना एका बेल्जियन विद्वानाने विचारलं, तुमच्या शाळांत धर्म शिकवत नाहीत, मग नीती शिकवता कशी? त्या प्रश्नाने अस्वस्थ होऊन त्यांनी इंग्रजीत 'बुशिदो' लिहिलं, ते 1900 मध्ये अमेरिकेत निघालं. हळव्या मनाने लिहिलेलं, आठवणींचं पुस्तक ते. पुढे चाळीस वर्षांनी तोच 'बुशिदो' शब्द लष्करशहांनी कोवळ्या पोरांना विमानात बसवून मरायला पाठवताना वापरला. हुकूम देणारे मागे आणि मरणारे पुढे, हे जुन्या रीतीत कुठे बसत होतं?

माझ्या मनातला सामुराई कुरोसावाच्या 'सेव्हन सामुराई'तला आहे. फिल्म सोसायटीच्या खेळाला, लाकडी खुर्चीवर बसून मी तो पहिल्यांदा पाहिला. एका चोराने लहान मूल ओलीस धरलेलं असतं. प्रौढ सामुराई काम्बेई पाण्याकाठी बसतो आणि आपली शेंडी कापून डोकं गुळगुळीत करून घेतो, भिक्षूच्या वेषात आत जाता यावं म्हणून. भोवती जमलेले गावकरी अवाक् होऊन बघत राहतात. ज्या केसांत कुळाची इभ्रत बांधलेली, ते केस कोणा अनोळखी शेतकऱ्याच्या पोरासाठी पाण्यात पडतात.

इतिहासातही असं घडलं. 1868 मध्ये साईगो ताकामोरी नव्या सरकारचं सैन्य घेऊन एदोच्या वेशीवर उभा होता. शहरात सुमारे दहा लाख माणसं. आतून जुन्या राजवटीकडून कात्सू काइशू बोलणी करायला आला. दोघे शत्रूपक्षाचे सामुराई समोरासमोर बसले, आणि किल्ला लढाईविना हवाली झाला.

त्याच साईगोला आपल्या वर्गाचा असा अंत सोसवला नाही. त्याच्याही आधी, ऑक्टोबर 1876 मध्ये, कुमामोतोत सुमारे 170 सामुराईंनी रात्री छावणीवर हल्ला केला. बंदूक शिवायची नाही हा त्यांचा नेम, म्हणून नुसत्या तलवारी आणि भाले. तारायंत्राच्या तारेखालून जायची वेळ आली तर ही माणसं डोक्यावर पंखा धरत, परका विटाळ अंगावर पडू नये म्हणून. त्यातले बहुतेक गोळ्यांनी गेले किंवा स्वतःच्या हाताने. पुढच्या वर्षी साईगो उठला. 24 सप्टेंबर 1877 रोजी कागोशिमाच्या शिरोयामा टेकडीवर त्याच्यासोबत काही शेच उरले होते, आणि वेढा घालणाऱ्या फौजेत तीच सक्तीने भरती केलेली शेतकऱ्यांची पोरं होती. सरकारने 1889 मध्ये त्याला माफ केलं. उएनो बागेत 1898 पासून त्याचा पुतळा आहे. साधा किमोनो, शेजारी कुत्रा आणि डाव्या कमरेला आखूड तलवार.

आइझू संस्थानचा इइनुमा सादाकिची मात्र पुतळ्यांत नाही. 1868 च्या यादवीत तो कोवळ्या मुलांच्या 'ब्याक्कोताई' तुकडीत होता. इइमोरी टेकडीवरून मुलांना गावावर धूर दिसला. किल्ला पडला असं समजून त्यांनी तिथेच जीव दिले. किल्ला पडला नव्हता; त्यानंतर तो जवळजवळ महिनाभर लढला. सादाकिचीने गळ्यात शस्त्र खुपसलं होतं, पण एका बाईने त्याला पाहिलं आणि वाचवलं. जगल्याची लाज त्याने आयुष्यभर वागवली. त्या दिवसाविषयी कितीतरी वर्षं तो बोललाच नाही. त्याने नोकरी धरली ती तारखात्यात. कुमामोतोचे ते सामुराई जिच्याखालून पंखा धरून जात, ती तार तो देशभर ओढत राहिला. 1931 मध्ये सेंदाईला तो वारला.

इइमोरी टेकडीवर 19 मुलांच्या समाध्या एका ओळीत आहेत. सादाकिचीची नंतर बांधलेली समाधी त्याच टेकडीवर आहे, थोडी बाजूला.