कुंपणापर्यंतची धाव

कुंडीतल्या कढीपत्त्यावर पाखराची शीट पडलेली दिसली. पुसायला गेले तर ती हलली. लिंबाळी फुलपाखराची अळी लहान असताना अशीच दिसते: काळपट-तपकिरी, मध्ये पांढरा पट्टा. शीट कोण खाणार? शेवटची कात टाकली की ती हिरवीगार होते. काडीने हळूच डिवचली तर डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर येतात आणि उग्र वास सुटतो. शिंगं क्षणभरच दिसतात, म्हणून एका हातात काडी आणि दुसऱ्यात मोबाइल.

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "औषध मारा हो, झाड खाऊन टाकेल." खाल्लंच. फोडणीला बाजारातला कढीपत्ता आणला. झाडाला पुन्हा पालवी फुटली.

*

कंपाउंडच्या भिंतीवरचा सरडा उन्हाळ्यात रंगात येतो. नराचं डोकं आणि खांदे लालबुंद, गळ्याशी काळा डाग. दुसरा नर गेटपाशी दिसला की हा पुढच्या पायांवर जोर काढायला लागतो. त्याची धाव कुंपणापर्यंत म्हणून आपण हिणवतो. पण कुंपण हाच त्याचा मुलूख, तो सोडून जाईल कुठे? फोटो काढणाऱ्याच्या हे पथ्यावरच पडतं. गौताळा अभयारण्यात दिवसभर हिंडूनही काही न दिसता परत येणं होतं. हा मात्र ऊन भिंतीवर आलं की ठरल्या विटेवर हजर.

*

मोबाइलवाल्यांसाठी. झूम करू नका, पावलं टाका. तीही तिरकी, थांबत थांबत. सरळ अंगावर चालून गेलात की समोरचा पळतो. जीव जमिनीवर असेल तर आपणही खाली बसावं. उभ्याने काढलेल्या फोटोत फक्त पाठ येते. फोकस डोळ्यावर. आपल्याकडे उन्हाळ्यात नऊनंतरचं ऊन सगळे रंग खाऊन टाकतं, तेव्हा सकाळीच उरकावं. आणि शिंजीर पक्ष्याचं लोंबतं घरटं दिसलं तर फोटोचा मोह आवरावा. आपण घुटमळतो ते कावळाही बघत असतो.

*

नळाला पाणी कधी येईल याचा आमच्या छत्रपती संभाजीनगरात भरवसा नाही, त्यामुळे सांडलेलं पाणी आम्हालाही दिसतं आणि त्यांनाही. कूलरच्या खालच्या ओलीवर बुलबुल येतात, मधमाश्या येतात. कुंभारीण माशी तिथलाच चिखल उचलते. खिडकीच्या चौकटीत तिनं चिंचोक्याएवढं मडकं घडवलं, आत अंडं घातलं, नांगी मारून लुळ्या केलेल्या अळ्या भरल्या आणि तोंड लिंपून टाकलं. अळ्या मरत नाहीत, नुसत्या निपचित पडतात. पिल्लाला ताजं अन्न मिळतं. फोटो मोठा करून पाहिला तेव्हा मडक्याच्या गळ्याला काठ वळलेला दिसला. नुसत्या डोळ्यांना तो दिसला नव्हता.

*

पहिल्या पावसानंतर संध्याकाळी जमिनीतून पंखवाली वाळवी उठते. वर घारी, त्याखाली कोतवाल, गच्चीवर साळुंक्या, ट्यूबलाइटपाशी पाली. सगळ्यांची एकच पंगत. सकाळी उंबऱ्यात पंखांचा नुसता खच. त्याचाही फोटो काढावा. पाऊस कधी लागला याचा तो पुरावा.

*

दिल्ली दरवाजाजवळच्या खिजरी तलावाला आपण आता सलीम अली सरोवर म्हणतो. नाव शोभतं. १९३१-३२ मध्ये पक्षिशास्त्रज्ञ सलीम अलींनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली, आणि मराठवाडा तेव्हा निजामाच्याच राज्यात होता. त्या पाहणीचं मोल आजही आहे, कारण कोणता पक्षी कुठे आणि कधी, हे तिथे लिहून ठेवलं आहे.

*

शहरातला सर्वांत गाजलेला वन्यजीव कुणाही छायाचित्रकारानं टिपला नाही. जुलै २०२४ मध्ये उल्कानगरीत बिबट्या आला तो सीसीटीव्हीत. त्याआधी डिसेंबर २०१९ मध्ये सिडको एन-१ मध्ये एक शिरला होता. वनविभागानं त्याला पकडलं. सीसीटीव्हीचं चित्र कुणी भिंतीवर लावणार नाही, पण कोपऱ्यात तारीख होती, वेळ होती, जागा ठाऊक होती. त्यामुळेच कुणाला ते 'मोठं मांजर असेल' म्हणून उडवून लावता आलं नाही.

*

ऑक्टोबरकडे कृष्ण थिरथिरा येतो. काळसर अंग, विटकरी पोट, शेपटी सारखी थरथरती. हिवाळा इथे काढून तो उत्तरेला परततो. पाण्याच्या टाक्यांपाशी धोबी पक्षीही दिसू लागतात; त्यातला कवड्या धोबी बारमाही इथलाच, करडा मात्र पाहुणा. ५ ते १२ नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह असतो. ५ ही निसर्गलेखक मारुती चितमपल्लींची जन्मतारीख, १२ सलीम अलींची. बरेच जण त्या आठवड्यात दुर्बीण घेऊन जायकवाडीला जातात. जरूर जावं. पण आपल्या गच्चीवर थिरथिरा कधी उतरला, हे जायकवाडीत कळणार नाही.

यंदाच्या थिरथिऱ्याचा फोटो हलला आहे. तारीख स्पष्ट आहे. ठेवला.