तळवडे, जिल्हा रत्नागिरी

मॉरिशसहून पूर्वजांच्या गावाची विचारणा येते तेव्हा लोक आडनाव पहिलं कळवतात, आणि तेच सगळ्यात निरुपयोगी. तिकडे गेलेल्या मजुरांच्या नोंदणीत नाव म्हणून माणसाचं नाव आणि बापाचं नाव एवढंच. पुढे तिकडे खापरपणजोबाचं नुसतं नाव, रामजी किंवा सखाराम, घराण्याचं आडनाव होऊन बसलं. ते रत्नागिरीच्या मतदारयादीत कुठून सापडणार? मी आधी नंबर मागतो.

पोर्ट लुईला उतरलेल्या प्रत्येक मजुराला नंबर मिळे. तो हाती लागला की मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधल्या नोंदवह्यांतून जहाज, वय, उंची, अंगावरची खूण, जात, गाव, जिल्हा अशी अख्खी ओळ मिळते. 1860च्या दशकापासूनचे काहींचे फोटोही आहेत. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती. 1834पासून सुमारे साडेचार लाख तिकडे गेली, बहुतेक कलकत्त्याहून, आपली मुंबईहून. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये. मजूर पळाला तर ओळखता यावा म्हणून गालावरचा व्रणसुद्धा लिहून ठेवलेला.

इकडे त्याच माणसाचा चिटोरा नाही. जमीन खोताची, कुळाचं नाव खोताच्या वहीत असलं तर असलं. कुलवृत्तान्त छापले ते बहुतेक चित्पावनांनी. कुणब्याच्या घराचा वृत्तान्त कोण छापणार!

मग राहतं गावाचं नाव. ‘तुलवारा, रुटनाघेरी’ असं काहीतरी इंग्रजीत लिहिलेलं असतं. मी ते मोठ्याने, निरनिराळ्या सुरांत वाचतो. तळवडे असावं. पण एक तळवडे राजापुरात, एक सावंतवाडीत. सावंतवाडी तेव्हा संस्थान, म्हणजे हे राजापूरचं, असा तर्क करता येतो. पण मुंबईच्या धक्क्यावरचा कारकून संस्थान नि जिल्हा यांत फरक करत होता याची खात्री कोण देणार? शिवाय मालवण, देवगड, वेंगुर्ले 1981पर्यंत रत्नागिरीतच होते. ‘जिल्हा रत्नागिरी’ म्हटल्यावर बाणकोटच्या खाडीपासून खाली सगळी किनारपट्टी चाळायची.

गावात शिरल्यावर पहिला प्रश्न ठरलेला: हिस्सा मागायला आलेत काय? कोकणात सातबाऱ्यावर आधीच पंचवीस नावं, त्यात हा परदेशी चुलता! ती शंका फिटेपर्यंत चहासुद्धा जपून येतो. ‘मॉरिशसला कोण गेलं होतं’ असं तर विचारूच नये. मॉरिशस कुणाच्या आठवणीत नाही. ‘मुंबईला गेला नि परत आला नाही असा कोण?’ असं विचारलं की एखादी म्हातारी बोलते, ‘आमच्यात एक गेलेला, मागारी नाय आयला.’ त्यानंतर मी शिमग्याच्या पालखीकडे वळतो: पहिला मान कोणाचा, पुढे कुठल्या वाडीत, कुठल्या घरी. मानावरून भांडणं होतात, त्यामुळे तो क्रम लोक विसरत नाहीत. त्यात एखादं घर ‘त्यांचं कोणी नाही, मान भावकीकडे’ असं निघालं तर मी वही उघडतो.

तरी दोन स्वतंत्र पुरावे जुळल्याखेरीज मी ‘बहुधा’च्या पुढे जात नाही. मागे एका कुटुंबाला तसंच कळवलं, ‘बहुधा’ जाड अक्षरांत. उलट उत्तर आलं: शिमग्याची तारीख कळवा, तिकिटं काढतोय, आणि ग्रामदेवीची ओटी भरायला खण चालेल की साडीच हवी?