कारंज्यांवरचा राग

सार्वजनिक कारंजं म्हणजे पाण्याचा माज, असं मी वर्षानुवर्षं मानत आलो. टँकरभोवती घागरींसाठी होणारी भांडणं पाहत मराठवाड्यात वाढलो. चौकात नुसतं उडणारं पाणी डोळ्यांना खुपणारच. रोमच्या ट्रेव्ही कारंज्याचे फोटो पाहिले की चीड यायची. एवढे देव, एवढे घोडे, आणि पाणी कशासाठी? शोभेसाठी.

एकदा एका आर्किटेक्ट मैत्रिणीने याच कारंज्याचं छेदचित्र माझ्यापुढे ठेवलं. सुरीने केक उभा कापावा तसं त्यात सगळं कापून दाखवलेलं असतं. ती म्हणाली, “उंच उडणारी धार शोध बरं.” मी शोधत राहिलो. धार नव्हतीच. पाणी खडकांवरून पसरत, पायरी-पायरीने खाली येत होतं. रस्त्याची रेघ वर होती आणि कुंड तिच्याही खाली.

असं का, ते तिने सांगितलं. हे पाणी रोमन सेनापती अग्रिप्पाने इ. स. पू. १९ मध्ये शहरात आणलेल्या कालव्याचं. तो सुमारे २० किलोमीटर लांब, बराचसा जमिनीखालून, केवळ उतारावर वाहणारा. शहरात तो इतक्या खालच्या पातळीवर पोचतो की पाण्याला वर उसळायला जोरच उरत नाही. १७३२ मध्ये कारंज्याचं काम हाती घेणाऱ्या वास्तुकार निकोला साल्वीने ही अडचण लपवली नाही. कुंड खाली नेलं आणि पाणी आडवं पसरवलं. मी ज्याला माज म्हणत होतो, ती पाण्याच्या कुवतीची अचूक जाण होती. आणि पाणी शोभेपुरतंही नव्हतं. लोक ते पीत. कारंजं म्हणजे कालव्याचं शहराला दिसणारं तोंड. त्याच्या दर्शनी भिंतीवरच्या एका शिल्पात अग्रिप्पा कालव्याचा आराखडा पाहताना कोरला आहे. फोटोंत तोही होता. मी पाहिला नव्हता.

मग औरंगाबादची पाणचक्की आठवली आणि लाज वाटली. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने सतराव्या शतकात त्या शहरात जमिनीखालून नहरी, म्हणजे कालवे, आणल्या. पाणचक्कीही अशाच नहरीच्या उतारावर चालायची. तिथे मी कितीदा गेलो, पण हे पाणी येतं कुठून, हे कधी विचारलं नाही. माझा राग खरा होता, पण तो तपासून न पाहण्याचा आळसही माझाच होता. दुष्काळाचं नाव घेतलं की आपण आपोआप बरोबर ठरतो, अशी माझी समजूत होती.

सगळी कारंजी आता मला निर्दोष वाटतात असं नाही. ट्रेव्हीचा पैसाही पोपने लॉटरीतून उभा केला होता, आणि आज तिथलं पाणी पंपाने फिरवलं जातं. कोरड्या नळांच्या गावात कारंजं उभं राहिलं तर मी आजही विरोध करीन. पण त्याआधी त्याचा आराखडा मागीन, पाणी कुठून येतं आणि पुढे कुणाला मिळतं ते विचारीन. इतकी वर्षं मी न विचारताच निकाल देत होतो.