पंख्यावरचे नाव

बँकेतील नोकरी संपली तरी दोन गोष्टी माणसाला सोडत नाहीत. एक, आकड्यांवरून नजर फिरवण्याची सवय आणि दुसरी, न जुळणाऱ्या बेरजेची अस्वस्थता. या दोहोंचा काही उपयोग होईल असे वाटले म्हणून असेल, गावातील महाविद्यालयाच्या व्यवस्थापन समितीवर मला घेण्यात आले आणि हिशेबाचे काम माझ्याकडे आले. ग्रंथालय, प्रयोगशाळा, इमारतीची दुरुस्ती या खर्चांवर समितीत तासन्‌तास चर्चा होई. विजेचे बिल मात्र ‘आले, भरले’ एवढ्यावर निकाली निघे. आपल्या दुकानातील एखाद्या खर्चाकडे इतक्या उदारपणे पाहणारा व्यापारी निदान माझ्या पाहण्यात नाही.

विजेचे बिल हे खातेवहीच्या पानासारखेच असते, वाचता आले पाहिजे. मोठ्या संस्थेच्या बिलात केवळ वापरलेल्या युनिटांचे पैसे नसतात. आपण किती भार मागून ठेवला आहे, त्याचाही आकार असतो. गोदाम भाड्याने घेतले की ते भरलेले असो वा रिकामे, भाडे चुकत नाही, तसाच हा प्रकार. युनिट म्हणजे काय, हेही सोपे आहे. हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. एवढे समजले की वर्गातील प्रत्येक दिवा आणि पंखा आपापला हिशेब आपणहून सांगू लागतो.

बँकेत संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय कोणी घरी जात नसे. तीच पद्धत मी येथे सुचवली. वाणिज्य शाखेच्या काही विद्यार्थ्यांनी महाविद्यालय बंद होताना आणि सकाळी उघडताना मीटरचे आकडे लिहून ठेवण्यास आरंभ केला. या दोन आकड्यांतील अंतर म्हणजे इमारतीत कोणी नसताना खर्च झालेली वीज. पहिल्याच आठवड्यात मुले कोड्यात पडली. रात्री शिकते तरी कोण? शोध घेतल्यावर उत्तरे मिळत गेली. पिण्याचे पाणी थंड करणारी यंत्रे रात्रभर रिकाम्या इमारतीसाठी पाणी गार करीत होती. संगणक कक्षातील पडदे काळे झालेले दिसत, पण बंद झालेले नसत. मागच्या जिन्यातील दिव्यांचे बटण कोठे आहे, हेच कोणाला ठाऊक नव्हते. गच्चीवरील टाकी भरून वाहत असे आणि पंप चालूच राही. त्यात पाणीही जाई आणि वीजही. हे सारे थांबवण्यासाठी पैसे जवळजवळ लागलेच नाहीत. जबाबदारी कोणाची, एवढे ठरवावे लागले.

यानंतर खरा खर्चाचा प्रश्न आला. समितीतील काही सभासदांचा ओढा गच्चीवर सौर पॅनेल बसवण्याकडे होता. एक दातेही तयार होते. सौर ऊर्जेला माझा विरोध नाही, उलट आपल्यासारख्या उन्हाच्या प्रदेशात ती वापरलीच पाहिजे. प्रश्न क्रमाचा होता. मी कागदावर साधा हिशेब मांडला.

जुन्या चोकची चाळीस वॅटची ट्यूब चोकसह सुमारे ५५ वॅट घेते, एलईडी ट्यूब सुमारे २० वॅट. प्रत्येकीमागे ३५ वॅट वाचतात. अशा २०० ट्यूब दिवसाला ६ तास, वर्षातील २०० दिवस चालतात असे धरले, तर वाचतात ८,४०० युनिट. युनिटचा दर १० रुपये धरल्यास वर्षाचे ८४,००० रुपये. २०० ट्यूबचा खर्च अंदाजे ५०,००० रुपये. म्हणजे मुद्दल एका वर्षाच्या आत वसूल. असे कर्जप्रकरण माझ्या टेबलावर आले असते, तर मी डोळे मिटून मंजूर केले असते.

आता पंखे पाहू. जुना पंखा सुमारे ७५ वॅटचा, नवा बीएलडीसी पंखा सुमारे ३५ वॅटचा. १०० पंखे, दिवसाला ८ तास, २०० दिवस, वाचतात ६,४०० युनिट. एका पंख्याला ३,००० रुपये धरले तर पैसे वसूल व्हायला पाच वर्षांच्या आसपास लागतात. हा व्यवहार ट्यूबइतका झटपट नाही, पण खात्रीचा आहे.

या दोन्ही बदलांनी मिळून वर्षाला १४,८०० युनिट वाचतात. आपल्याकडे एक किलोवॅटचा सौर संच वर्षाला साधारण १,४०० ते १,५०० युनिट देतो. म्हणजे केवळ ट्यूब आणि पंखे बदलणे हे गच्चीवर दहा किलोवॅटचा संच बसवण्याच्या तोडीचे झाले, तेही कमी पैशांत. शिवाय गरज घटली की पुढे बसवायचा संचही लहान पुरतो. गळक्या पिंपाची भोके बुजवण्याआधी नवा नळ जोडून काय साधणार? समितीला हे पटले. आधी गळती, मग सौर, असा ठराव झाला.

पटवणे अवघड गेले ते वेगळ्याच ठिकाणी. आमच्या महाविद्यालयात, जसे अनेक शाळांत आणि धर्मशाळांत असते तसे, जुन्या पंख्यांच्या पात्यांवर दात्यांची नावे रंगवलेली होती. कोणाच्या वडिलांच्या स्मरणार्थ, कोणाच्या मातोश्रींच्या. पंखा खडखडतो, वारा लागत नाही, वीज मात्र पुरेपूर खातो, पण नाव असल्यामुळे त्याला हात लावायला कोणी धजत नव्हते. ते काम माझ्याकडे आले.

बाजारपेठेतील एका दुकानात मी गेलो. गादीवर दात्यांचे नातू बसले होते. माझे बोलणे त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, “काका, म्हणजे आजोबांचे नाव पुसायचे?” या प्रश्नाला माझ्याकडच्या कागदात उत्तर नव्हते. त्या पंख्यांच्या काळात पंखा ही लहान गोष्ट नव्हती. उन्हाळ्यात परीक्षेला बसणाऱ्या मुलांच्या डोक्यावर वारा यावा म्हणून एका माणसाने आपल्या कमाईतून ते दिले होते. मी म्हणालो, “नाव ग्रंथालयातील फलकावर नीट कोरून लावू. पण निर्णय तुमचा.” त्यांनी घरी विचारून सांगतो म्हटले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या आईंचा निरोप आला, “सासऱ्यांनी वारा दिला होता, लोखंड नव्हे. वारा चालू राहू द्या.” नव्या पंख्यांचे पैसेही त्यांनीच पाठवले आणि त्यावर नाव नको असे कळवले.

सर्वच ठिकाणी असे घडले नाही. एका घराने स्पष्ट नकार दिला. त्यांचे पंखे आजही फिरतात आणि ते फिरत राहतील, कारण कोणाच्या स्मृतीवर समितीने ठराव करावा असे मला वाटत नाही. काढलेल्या पंख्यांबाबत एक सूचना आली, ते एखाद्या गरीब शाळेला द्यावेत. हेतू चांगला होता, पण तसे केले असते तर आमचे बिल घटून त्या शाळेचे वाढले असते आणि कोळसा तेवढाच जळला असता. म्हणून ते मोडीत काढले, त्यातील तांबे आणि लोखंड पुन्हा उपयोगात येईल.

कोळशाचा उल्लेख उगाच केला नाही. कोयनेचे पाणी आपल्याला वीज देते हे खरे, पण राज्याच्या विजेचा मोठा भाग आजही चंद्रपूरसारख्या औष्णिक केंद्रांतून येतो. देशातील विजेच्या एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वर्षाला १४,८०० युनिट वाचले म्हणजे सुमारे दहा टन टळला. वर्गातून निघताना बटण बंद करणाऱ्या मुलाला हे कळले, तर ते बटण त्याला हलके वाटणार नाही.

कर्मवीर भाऊराव पाटील यांचे येथे स्मरण होते. कुंभोजच्या जैन घरात जन्मलेल्या या माणसाने १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्यांच्या वसतिगृहात मुले शेतात राबत, आपली कामे आपण करीत आणि शिकत. वास्तू आपली आहे ही भावना सूचनाफलकांनी येत नाही, ती हाताने काम केल्यानेच येते. आमच्या मीटर लिहिणाऱ्या मुलांत मला तेच दिसले. त्यांच्यातील एका मुलीने घरच्या कापड दुकानाचे बिल तपासले आणि वडिलांना रात्री जळणारे दिवे दाखवून दिले.

आपल्या समाजातील अनेक कुटुंबे शाळा-महाविद्यालयांना सढळ हाताने देतात, अनेक जण विश्वस्तही आहेत. त्यांना माझी एकच विनंती आहे. पुढील देणगी देण्याआधी संस्थेकडून वर्षभराची विजेची बिले मागवा आणि मीटरचा रात्रीचा आकडा विचारा. एलईडी ट्यूबवर किंवा दुरुस्त केलेल्या पंपावर नाव कोरता येत नाही, हे मान्य. पण त्यातून दरवर्षी वाचणाऱ्या पैशांत एखाद्या होतकरू मुलाची फी भरता येते आणि ती वर्षानुवर्षे भरता येते. दान एकदाच दिले जाते, त्याचे व्याज मात्र पिढ्यान्‌पिढ्या मिळावे, हे आपल्या घरांत कोणाला वेगळे शिकवावे लागत नाही.