वसतिगृहातला रमजान

घराबाहेर शिकणाऱ्या मुस्लिम विद्यार्थ्याच्या मनःस्वास्थ्याशी श्रद्धेचा संबंध आधी वेळापत्रकातून येतो. पाच वेळची नमाज, शुक्रवारचा जुमा आणि दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येणारा रमजान यांभोवती त्याचा दिवस बेतलेला असतो. २०२३ आणि २०२४ साली रमजान मार्च-एप्रिलमध्ये, परीक्षांच्या तोंडावर आला. प्रस्तुत लेखक तेव्हा पुण्यातल्या एका वसतिगृहात राहत होता. पहाटे मेस बंद असे. किटलीत उकडलेली अंडी, रात्रीच्या चपात्या आणि खजूर यांवर खोलीची सहरी, म्हणजे रोज्याआधीचे खाणे, निभे. रात्रीच्या तरावीहच्या नमाजेमुळे झोप मोडे, चिडचिड होई. तरी संध्याकाळी रोजा सोडताना, इफ्तारला, सगळे एका दस्तरखानावर बसले की एकटेपणा बराच ओसरे.

श्रद्धा आधार देते तशी छळतेही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांनी संकटकाळी धर्माचा आधार घेण्याच्या हितकारक आणि अपायकारक रीती वेगळ्या दाखवल्या. अल्लाहवर भरवसा ठेवून अभ्यासाला लागणे ही पहिली रीत. नापास होणे ही पापाची सजा मानणे ही दुसरी.

या छळाचा सर्वांत फसवा प्रकार वसवशाचा, म्हणजे मनात पुन्हा पुन्हा उठणाऱ्या शंकांचा. लेखकाच्या खोलीतला एक मित्र वजू करताना, म्हणजे नमाजेआधी हात-पाय-तोंड धुताना, कोपर कोरडे राहिल्याच्या शंकेने पुन्हा पुन्हा नळाशी जाई. बाही ओली, बोटे सुरकुतलेली, आणि तोवर सामूहिक नमाजेची जमात उठून गेलेली. इतरांना तो परहेजगार वाटे. वास्तविक वजू झाल्यावर येणाऱ्या अशा शंकेकडे दुर्लक्ष करावे, असे फिक्ह, म्हणजे इस्लामी विधिशास्त्रच, सांगते. मनाच्या दुखण्यांबाबत दहाव्या शतकात वारलेले मुस्लिम विद्वान अबू झैद अल-बल्खी यांनीही कारण ठाऊक असलेले दुःख आणि अकारण येणारे दुःख यांत फरक करून दुसऱ्यावर शारीरिक उपचार सुचवले होते. एवढी जुनी समज असताना वसतिगृहात मात्र ‘ईमान कमजोर आहे, नमाज वाढव’ हाच सल्ला चालतो, आणि अशा शंकांनी ग्रासलेल्या मंत्रचळाच्या रोग्याला तो जास्तच घातक.

मित्राला अखेर मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले ते मशिदीतल्या इमामसाहेबांनी. एकदाच वजू करून, शंका तशीच ठेवून नळापासून दूर होण्याचा सराव तिथे सुरू झाला. सोबत गोळ्याही होत्या. रोज्यात त्यांच्या वेळा सहरी-इफ्तारला जुळवता येतात का, हे डॉक्टरच ठरवतात. लिथियमसारखे औषध चालू असताना शरीरातले पाणी कमी होणे धोक्याचे ठरू शकते. आजाऱ्याला रोजा सोडून नंतर कजा करण्याची, म्हणजे तो भरून काढण्याची, मुभा शरीयतने दिलेलीच आहे.