टेबलापलीकडे कोण

पेरांबूर, चेन्नई
८ जून २०२५

चि. सोनू,

परवा फोनवर तू घाईत होतीस, म्हणून आज निवांत लिहायला बसले. चाकणच्या प्लांटची एचआर हेड झालीस याचा आनंद आहेच, पण तुझा प्रश्न काही डोक्यातून जाईना. कामगारांनी बाहेरच्या नेत्याला धरून युनियन काढली आणि तुमचे डायरेक्टर म्हणतात, "त्यांच्याशी कशाला बोलायचं? आपलीच चार शहाणी पोरं निवडू, कमिटी करू, तिच्याशी करार करून मोकळे होऊ." तुला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते मीटिंगमध्ये सांगताही येत नाही.

कायद्याचं आधी उरकते. महाराष्ट्रात १९७१चा कायदा आहे, सगळे ज्याला 'एमआरटीयू-पल्प' म्हणतात तो. मालकाने एखाद्या युनियनवर वर्चस्व गाजवणं किंवा तिला पैशाने वा इतर रीतीने पोसणं हे त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात अनुचित कामगार प्रथा म्हणून नोंदलेलं आहे. तुमचे वकीलसाहेब म्हणतील, कमिटी म्हणजे युनियन नव्हे. म्हणू देत. तुझी अडचण वकिलाने सुटणारी नाही.

त्यापेक्षा इथलीच एक जुनी गोष्ट ऐक. आमच्या पेरांबूरला बिन्नी कंपनीच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक अशा दोन गिरण्या होत्या. १९९६ साली त्या कायमच्या बंद पडल्या, आता तिथे उंच उंच इमारती झाल्या आहेत. १९१८ साली गिरणीकामगारांना जेवायला अर्धा तास मिळायचा. हात धुवायचे, डबा गाठायचा, खायचं आणि पुन्हा फाटकात हजर, सगळं त्याच अर्ध्या तासात. सेल्वपती चेट्टियार आणि रामानुजुलु नायडू हे आसपासचे दोन छोटे व्यापारी. ही तक्रार घेऊन ते अ‍ॅनी बेझंटबाईंच्या 'न्यू इंडिया' या वृत्तपत्राच्या कचेरीत बी. पी. वाडियांकडे गेले. वाडिया मूळचे मुंबईचे पारशी. २७ एप्रिल १९१८ला मद्रास लेबर युनियन उभी राहिली. आपल्याकडे लोखंड्यांच्या १८८४च्या मुंबईतल्या गिरणीकामगार संघटनेचा अभिमान असतो आणि तो रास्तच आहे, पण तिला वर्गणी भरणारे सभासद नव्हते. म्हणून पहिली रीतसर युनियन म्हटलं की मान मद्रासकडे जातो. तुझ्या बाबांना हे सांगू नकोस, वाद घालत बसतील.

पुढे १९२०च्या अखेरीस टाळेबंदी झाली. कंपनीने वाडियांसह पुढाऱ्यांवर हायकोर्टात दावा लावला: तुम्ही आमच्या कामगारांना करार मोडायला चिथावलंत, नुकसानभरपाई द्या. त्या वेळी युनियनला कायद्याचं कसलंच कवच नव्हतं, आणि कोर्टाने मनाईहुकूम दिला. शेवटी तडजोड झाली ती अशी की वाडियांनी युनियनमधून अंग काढून घ्यायचं आणि कंपनीने दावा सोडायचा. वाडिया गेले, कामगार कामावर परतले.

तुझ्या डायरेक्टरांना हवं ते सगळं बिन्नीच्या साहेबांना मिळालं होतं. नको असलेला माणूस टेबलावरून उठला. मग पाचसहा महिन्यांतच पुन्हा संप झाला, आधीच्यापेक्षा कितीतरी कडवा. त्यात पोलिसांचा गोळीबार झाला आणि माणसं मेली. आणि त्या दाव्याचा धसका देशभर असा पोचला की मार्च १९२१मध्ये दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात आपल्या ना. म. जोशींनी कामगार संघटनांच्या नोंदणीचा आणि संरक्षणाचा कायदा करावा असा ठराव मांडला. त्यातूनच १९२६चा ट्रेड युनियन कायदा आला. तुमच्या पोरांनी अर्ज केला असेल तोही त्याच कायद्याखाली.

पण हा १९२१चा संप कामगार हरले, आणि ते का हरले हेही तुला माहीत हवं, कारण त्यात युनियनचीही बाजू लंगडी आहे. आदिद्रविड, म्हणजे इथले दलित, कामगार बहुतांशी संपात उतरले नाहीत. त्यांचे नेते एम. सी. राजा यांनीच त्यांना कामावर राहायला सांगितलं होतं. पुलियांतोपमध्ये दोन्ही बाजूंत दंगली पेटल्या. मालकाने या भांडणाचा फायदा घेतला असेल, पण भेग आधीपासून होती. युनियनचं तोंड सवर्णांचं होतं आणि ती बोलत होती मात्र सगळ्यांच्या नावाने.

मुंबईत १९२८च्या गिरण्यांच्या संपात बाबासाहेबांनी नेमकं यावरच बोट ठेवलं. साचाखात्यात पगार चांगला, पण तिथे अस्पृश्यांना मज्जाव. का, तर तुटलेलं सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढावं लागे, आणि तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला जायचा. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावलं, हा मज्जाव उठवण्याची मागणी यादीत घाला, नाहीतर आमचे लोक संपाबाहेर राहतील. त्यांनी ती घातली, पण नाखुशीने. वाटाघाटीची पहिली फेरी मालकाशी होतच नाही गं, ती आपल्याच बाजूच्या माणसांशी होते.

आता अगदी कालची गोष्ट. श्रीपेरुंबुदूरच्या सॅमसंग कारखान्यात ९ सप्टेंबर २०२४ला हजाराच्या वर कामगार संपावर गेले. पगाराची मागणी होतीच, पण गाडं अडलं युनियनच्या मान्यतेपाशी. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कंपनीने कामगारांच्या एका कमिटीशी करार केला, म्हणजे तुमच्याच डायरेक्टरांची युक्ती. महिना ५ हजार रुपयांचा भत्ता, वातानुकूलित बसगाड्या, असं बरंच काही. देणं वाईट नव्हतं. संपावरचे लोक तरीही हलले नाहीत, कारण सही त्यांच्या माणसाची नव्हती. तंबू उखडले, धरपकड झाली, तरी संप चालूच. शेवटी मंत्री मध्ये पडले तेव्हा १५ ऑक्टोबरला तो मिटला. युनियनची नोंदणी जानेवारीत झाली, आणि गेल्या महिन्यात पगारकरार झाला तो त्याच युनियनशी. ज्यांच्याशी बोलायचं नाही असं ठरलं होतं, अखेर त्यांच्याशीच बोलावं लागलं. मधले ते दिवस कोणाच्या खात्यात मांडायचे?

मी नोकरीत असताना एका करारावर सह्या व्हायच्या होत्या. रात्री नऊ वाजले होते, सांबारभात निवला होता, साहेबांना घरी जायची घाई. युनियनचा अध्यक्ष जुना फिटर. तो म्हणाला, रात्रपाळीच्या लोकांना हा कागद मोठ्याने वाचून दाखवतो, मग सही करतो. साहेब वैतागले. आम्ही थांबलो. रात्रपाळीने एक कलम बदलून मागितलं, ते आम्ही बदललं. ते कलम पुढे कधी वादात आलं नाही. साहेब मात्र त्या दोन तासांबद्दल निवृत्त होईपर्यंत कुरकुरत होते.

तेव्हा डायरेक्टरांना तत्त्वज्ञान सांगू नकोस, त्यांना ते चालणार नाही. एवढंच विचार की आपल्या कमिटीने सही केली आणि दुसऱ्या दिवशी लाइन बंद पडली, तर ती चालू करायला ही चार पोरं उपयोगी पडणार का? आणि युनियनवाले भेटले की त्यांनाही एक प्रश्न कर: तुमच्या मागण्यांच्या यादीत कंत्राटी कामगार कुठे आहेत? कँटीनवाले, हाउसकीपिंगच्या बायका, ट्रेनी म्हणून दोन-दोन वर्षं राबणारी पोरं? तू विचारलंस म्हणून युनियन तुझ्यावर संशय घेईल, डायरेक्टर कपाळाला हात लावतील. दोन्ही सोसायची तयारी ठेव.

इथे उकाडा भयंकर आहे. गणपतीला येणार असशील तर तिकिटं आत्ताच काढ, मागाहून मिळत नाहीत. आणि तुमच्या बैठका कोणत्या पाळीत होतात तेवढं कळव.

तुझी,
आत्या